बेल्मोपानला नऊ प्रदक्षिणा

शनिवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ऑस्मंड टिलेटच्या लक्षात आलं, की राजधानी संपली.

साडेआठला त्याने गाडी सुरू केली होती. चाळीस मिनिटांत टेकडीवरची संसद झाली, सरकारी कचेऱ्या झाल्या, बाजार झाला, बसचं ठाणं झालं, आणि पोस्टाच्या छपरावर ऊन खात पडलेला हातभर लांब, शेपूटतुटका इग्वाना सरडा तर दोनदा झाला. आता दाखवायला उरलं होतं ते फक्त रिंग रोडच्या कडेचं गवत. आणि संध्याकाळचे पाच वाजायला अजून सात तास पन्नास मिनिटं होती.

ऑस्मंडने आरशातून मागे पाहिलं. मागच्या सीटवर मिस आयोना फ्लॉवर्स जांभळी टोपी घालून ताठ बसल्या होत्या. वय वर्षं एकाहत्तर, मुक्काम बेलीझ सिटी, आणि मत असं की बेलीझ सिटी सोडून देशात दुसरं शहरच नाही.

"वादळाला भिऊन सरकार राजधानी उचलून रानात पळालं," त्या गेली तीन वर्षं ऑस्मंडला ऐकवत आल्या होत्या. "आम्ही नाही पळालो. आमचं छप्पर उडालं, आम्ही दुसरं घातलं. तुझी ती राजधानी म्हणजे काय? चार कचेऱ्या आणि बाकी कुरण. माणसं तिथे नोकरीला जातात आणि सुटली की पहिल्या बसने पळून येतात. अशा ठिकाणी माझी व्हर्लीन कशी राहायची?"

व्हर्लीन ही त्यांची भाची. आईविना पोर, मिस आयोनांनीच वाढवलेली, आता चौतिसाव्या वर्षी शाळेत मास्तरीण. ऑस्मंडवर तिचं मन जडलेलं, आणि ऑस्मंडने तर तिच्यासाठी बेल्मोपानला स्वतःच्या हातांनी दोन खोल्यांचं घर बांधलेलं. घर, टॅक्सी आणि दारात संत्र्याचं झाड, एवढी त्याची मालमत्ता. पण व्हर्लीनने स्पष्ट सांगितलं होतं, "मावशीच्या मनाविरुद्ध मी लग्न करणार नाही. आणि तुला सोडून दुसऱ्याशीही करणार नाही. काय ते तुम्ही दोघं बघा."

मग मावशींनीच पैज लावली. एक दिवस त्या राजधानी बघायला येतील, सकाळी साडेआठ ते संध्याकाळी पाच. तेवढ्या वेळात त्यांच्या तोंडून "आता पुढे काय?" असं एकदा जरी निघालं, तरी व्हर्लीन त्यांच्याबरोबर परत. नाही निघालं, तर लग्नाला होकार. आणि घोडामैदान जवळच असावं म्हणून लग्नाची पेटीही त्या बसवर चढवून सोबतच घेऊन आल्या होत्या.

ही पेटी त्यांच्या कैलासवासी नवऱ्याने, होरेसने, केलेली. होरेस होड्या बांधायचा, त्यामुळे त्याच्या हाताला लहान वस्तू यायची नाही. साडेपाच फूट लांब, अस्सल महोगनीची, बाजूंना पितळी कड्या. मिस आयोनांनी तिच्यावर स्वतः विणलेली पांढरीशुभ्र जाळीदार चादर अंथरली होती. पेटी घरी उतरवू द्यायला त्या तयार नव्हत्या. "अजून ठरलंय कुठे?" म्हणाल्या. तेव्हा ऑस्मंडच्या जुन्या लांबलचक गाडीची मागची फळी पाडून पेटी तिथेच आडवी ठेवलेली होती. पाहुणीचं स्वागत म्हणून ऑस्मंडने भल्या पहाटे गाडीच्या टपावर पांढरी फुलं बांधली होती. गाडीचे पुढचे दिवे चालू होते, पण त्यात स्वागत नव्हतं. बुधवारपासून त्यांचा खटका अडकला होता. दिवे विझत नव्हते आणि बॅटरी म्हातारी, म्हणून इंजिन बंद करायची सोय नव्हती. एकदा बंद पडलं की ढकलायला चार माणसं लागली असती.

"हळू चालव," मिस आयोनांनी सुरुवातीलाच बजावलं होतं. "माझ्या कमरेचं दुखणं आहे आणि होरेसच्या पेटीला ओरखडा नकोय. शहर रमतगमत बघावं."

रमतगमत तर रमतगमत, असं म्हणून ऑस्मंडने काटा दहा मैलांवर आणला आणि दुसरी फेरी सुरू केली.

"ही संसद," तो म्हणाला.

"मघाशी पाहिली."

"ती पुढची बाजू होती, मिस आयोना. ही मागची."

मिस आयोनांनी मागची बाजू पाहिली. "पुढच्यापेक्षा बरी आहे," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या फेरीला पोस्ट आलं. "आणि हा इग्वाना."

"हा तोच ना? याची शेपूट तुटलीय. मघाच्याचीही तुटली होती."

"इथे सगळ्यांच्या तुटतात," ऑस्मंड म्हणाला. पुढच्या सीटवरच्या व्हर्लीनने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

"आता..." मिस आयोना म्हणाल्या. ऑस्मंडचा पाय ब्रेकवर गेला, व्हर्लीनने श्वास धरला. "आता ऊन तापायला लागलं. काच खाली कर."

चौथ्या फेरीला मिस्टर रूपर्ट लिझ्बी यांच्या ओसरीसमोरून गाडी गेली, आणि खरी गंमत तिथे सुरू झाली. मिस्टर रूपर्ट म्हणजे नोंदणी कचेरीतले निवृत्त कारकून. तीस वर्षं त्यांनी गावातले जन्म आणि मृत्यू वहीत चढवले, आणि निवृत्त झाल्यावर वही गेली तरी खोड गेली नाही. बेल्मोपानमध्ये आपल्याला कळल्याशिवाय कोणी मरूच शकत नाही, असा त्यांचा समज होता. ते ओसरीत कॉफी पीत होते. समोरून एक लांब गाडी गोगलगायीच्या चालीने आली. भर दिवसा मयताच्या गाडीसारखे दिवे लावलेले, टपावर पांढरी फुलं, मागे पांढऱ्या चादरीखाली कड्यांची लांब महोगनी पेटी, आणि सीटवर जांभळी टोपी घातलेली, ताठ बसलेली म्हातारी. कोणीतरी गेलं होतं, आणि त्यांना पत्ता नव्हता!

त्यांनी उठून टोपी काढली, छातीशी धरली. मग आत जाऊन काळा कोट चढवला, आपला छोटा ट्रक बाहेर काढला, दिवे लावले आणि ऑस्मंडच्या मागे लागले.

मिस्टर रूपर्टचा ट्रक दिवे लावून कोणाच्या तरी मागे चाललाय, म्हणजे प्रकरण मोठं. न्हाव्याने अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक तसंच गाडीत घातलं आणि मागे लागला. शाळेच्या हेडमास्तरीण बाई निघाल्या. पास्टर बेव्हन्स उद्याच्या प्रवचनाची टिपणं बाजूला सारून निघाले. कोण गेलं, हे एकानेही विचारलं नाही. कसं विचारणार? बेल्मोपान एवढंसं. प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. तिथे "कोण गेलं हो?" असं विचारणं म्हणजे आपल्या शेजारधर्माचं दिवाळं स्वतःच्या तोंडाने जाहीर करणं. त्यापेक्षा गप गाडी काढावी, तोंड गंभीर करावं आणि पुढच्याच्या मागे जावं. पुढच्याला माहीत असेलच.

पाचव्या फेरीला मागे अकरा गाड्या होत्या.

"ऑस्मंड," व्हर्लीन आरशात बघत हळूच म्हणाली, "ही अंत्ययात्रा आहे."

"कुठे? कोणाची?"

"आपली."

ऑस्मंडने आरशात पाहिलं. मिस्टर रूपर्ट रुमालाने डोळे टिपत होते. त्यांच्या मागे दिव्यांची रांग थेट बाजाराच्या वळणापर्यंत पोचली होती. त्याने झटकन एका गल्लीत गाडी घातली. अकराही गाड्या गल्लीत वळल्या. गल्ली पुढे बंद होती, म्हणून तो उलटा फिरून बाहेर आला, तर अकराही गाड्या एकमेकींना मोठ्या अदबीने वाट देत उलट्या फिरल्या. शेवटचा उपाय म्हणून त्याने पाय दाबला. काटा पंचविसावर गेला. मागची यात्राही पंचविसाने धावायला लागली.

मिस आयोनांच्या हातातल्या पंख्याची दांडी ऑस्मंडच्या खांद्यावर बसली. "हळू! पेटी घसरतेय! आणि हे मागे काय चाललंय?" मिस आयोनांनी कष्टाने मान वळवली होती. "एवढ्या गाड्या कुठून आल्या?"

ऑस्मंडच्या जिभेवर काय आलं आणि कुठून आलं, हे त्याला पुढे कधीही सांगता आलं नाही. "ट्रॅफिक," तो म्हणाला.

"ट्रॅफिक? बेल्मोपानमध्ये?"

"शनिवारी असतं."

मिस आयोनांनी पुन्हा मागे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा जरा सैल झाला होता. "बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, इथे रस्ता ओलांडायला कोणाची वाट बघावी लागत नाही. वाट बघावी लागत नाही ते कसलं शहर? पण यांच्यात शिस्त आहे हो. आमच्या पुलावर एवढ्या गाड्या असत्या तर भोंग्यांनी कान किटले असते. इथे एक भोंगा नाही."

झालं! आता ऑस्मंडची गत धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं अशी झाली. थांबून मागच्यांना खरं सांगावं, तर ते हसत घरी जाणार, रस्ता मोकळा होणार आणि मावशी ते तीन शब्द म्हणणार. न सांगावं, तर जिवंत माणसांची अंत्ययात्रा दिवसभर गावभर फिरवायची. त्याने व्हर्लीनकडे पाहिलं.

"चालव," ती म्हणाली. "हळू चालव."

सहाव्या फेरीपासून मिस आयोनांचा दिवस मोठा मजेत जायला लागला. गोल चौकात कॉन्स्टेबलने दोन्ही बाजूंची वाहनं थांबवून त्यांना कडक सलाम ठोकला. वाहनं म्हणजे दोन सायकली होत्या, पण थांबवल्या. मिस आयोनांनीही हात उचलून सलाम परत केला. रस्त्याच्या कडेने जाणारे पुरुष टोप्या काढायला लागले, बायका मान झुकवायला लागल्या.

"कमालीची सभ्य माणसं!" त्या म्हणाल्या. "सिटीत मी राहते तिथे शेजारचा मला 'गुड मॉर्निंग' म्हणायचा तो बंद झाला, त्याला पाच वर्षं झाली."

एक वाजता बाजारापाशी गाडी आणखी हळू झाली, तशी डोन्या एल्विरा हातातलं काम टाकून धावत आली. बाजारात तिची तमालची गाडी, केळीच्या पानात बांधलेल्या मक्याच्या पिठाच्या त्या गरम पुडक्यांसाठी सगळं गाव तिच्याकडे येतं. तिने चालत्या गाडीच्या खिडकीतून सहा तमाल आत सरकवले आणि मिस आयोनांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"पैसे किती?" मिस आयोनांनी विचारलं.

"आज पैसे?" डोन्या एल्विराचे डोळे भरून आले. "आज कसले पैसे, मिस? खाऊन घ्या. पोटात काही असलं म्हणजे सोसायला बळ येतं."

गाडी पुढे गेली. मिस आयोनांनी एक तमाल सोडला आणि दोन घास खाल्ले. "ऑस्मंड," त्या म्हणाल्या, "इथे पाहुण्याला जेवायला पैसे पडत नाहीत का रे?"

"माणूस बघून," ऑस्मंड म्हणाला.

इकडे मिस्टर रूपर्टना चैन पडत नव्हती. सातव्या फेरीतही कोण गेलं ते त्यांना उमगलं नव्हतं. मग त्यांनी ट्रकमधूनच रेडिओ केंद्राला फोन लावला. सबंध देशात कोण गेलं ते माणसं रेडिओवरच ऐकतात, दुपारच्या बातम्यांनंतर. "बेल्मोपानला एवढं मोठं माणूस गेलं आणि तुम्ही सकाळपासून एक शब्द नाही?" मिस्टर रूपर्ट कडाडले. त्यांना वाटलं, रेडिओवाला आपोआप नाव बोलून जाईल. रेडिओवाल्याला वाटलं, नाव विचारलं तर आपलीच नाचक्की. दोन वाजता ऑस्मंडच्या गाडीतला रेडिओ जड आवाजात बोलायला लागला, "कळवण्यास अत्यंत दुःख होते, की बेल्मोपानमधील एका सर्वपरिचित आणि सर्वांच्या लाडक्या व्यक्तीचे निधन झाले असून अंत्ययात्रा या क्षणी शहरातून जात आहे. ज्यांना नाव माहीत आहे, त्यांना ते सांगण्याची आवश्यकता नाही."

ऑस्मंडने रेडिओ बंद करायला हात घातला, पण उशीर झाला होता.

"कोण गेलं रे?" मिस आयोना पुढे वाकल्या.

"कोणीतरी... सर्वपरिचित."

"मग आपण इथे काय करतोय?" मिस आयोनांचा आवाज चढला. आयुष्यात त्यांनी दोनच शौक केले, एक विणकाम आणि दुसरा मयताला जाणं. "गावात मयत आणि तू मला सरडे दाखवतोयस? चल, अंत्ययात्रा गाठ. आपण मागे लागू. माझ्या डोक्यावर चांगली टोपी आहे."

"अंत्ययात्रा... गाठू?"

"कुठे असेल ती?"

ऑस्मंडने एकदा आरशात पाहिलं, एकदा समोर. "पुढे असेल," तो खोल आवाजात म्हणाला.

आठवी फेरी आपल्याच अंत्ययात्रेच्या शोधात गेली. मिस आयोना दर वळणावर मान उंच करून बघत. "दिसली का?" "नाही अजून." "फारच लांब गेलेली दिसते. हे ट्रॅफिक मध्ये नसतं तर एव्हाना गाठली असती." नवव्या फेरीला मात्र गोल चौकातल्या कॉन्स्टेबलचा धीर सुटला. त्याला बिचाऱ्याला वाटलं, घरच्यांना दुःखाने दफनभूमीची वाट सापडत नाहीये. त्याने मोटरसायकल काढली, गाडीच्या पुढे घातली, हाताने 'या माझ्या मागे' अशी खूण केली आणि मिरवणूक गावाबाहेर वळवली. पोलिसापुढे ऑस्मंडचं काय चालणार?

"बघ, पोलिसाला ठाऊक आहे," मिस आयोना समाधानाने म्हणाल्या.

तीनच्या सुमारास दफनभूमीच्या फाटकाशी त्रेचाळीस गाड्या उभ्या राहिल्या. ऑस्मंडची गाडी थांबली, तिने आचके दिले आणि इंजिन बंद पडलं. आता पळून जायचा मार्गही उरला नाही. तो खाली उतरला तसं माणसांनी त्याला घेरलं. न्हाव्याने पाठीवर हात ठेवला. हेडमास्तरीण बाई म्हणाल्या, "ऑस्मंड, फार चांगलं माणूस गेलं हो." ऑस्मंड भेटेल त्याच्याशी हात मिळवत राहिला. मिस आयोनांची कमर आखडली होती. व्हर्लीन त्यांना गाडीतून बाहेर काढत होती आणि त्या कामाला कितीही वेळ लागला तरी तिला चालणार होता.

तेवढ्यात ओरडा झाला, की खड्डाच खणलेला नाही. लोक भयंकर चिडले. नगरपालिकेला शिव्या देऊन झाल्या, मग चौघांनी कोट उतरवले, फावडी मिळवली आणि आंब्याखालची एक छानशी जागा निवडून खणायला लागले. वेळ जायला हवा म्हणून पास्टर बेव्हन्स एका दगडावर चढले.

"बंधूंनो आणि भगिनींनो," ते म्हणाले, आणि थांबले. पास्टरांनाही नाव ठाऊक नव्हतं. ती व्यक्ती पुरुष होती की बाई, हेही ठाऊक नव्हतं. पण तीस वर्षं बोलून बोलून त्यांची जीभ तयार झालेली होती. "आज आपण अशा एका जिवाला निरोप देत आहोत, की ज्याच्याबद्दल मी काय सांगावं? तुम्हाला सगळं माहीतच आहे."

"आहे, आहे," गर्दीतून हुंदके आले.

"त्या जिवाचं वय फार नव्हतं. आणि तसं पाहिलं तर कमीही नव्हतं. कोणाला शब्दाने दुखावलं नाही. दुखावलं असेल, तर आज आपण ते विसरू या."

"मी विसरलो!" अर्धी दाढी झालेला गृहस्थ रडत ओरडला. "माझी शिडी नेली ती परत दिली नाही, पण मी विसरलो!"

मिस्टर रूपर्टनी शाळेतली एक आठवण सांगितली, दोघं मिळून नदीत पोहायला जायचे ती. डोन्या एल्विरा म्हणाली, "तमाल नेहमी जास्त तिखट लागायचा." सगळ्यांना एकेक माणूस आठवत होतं, आणि जो तो आपापल्या माणसासाठी मनापासून रडत होता. खणणारेही रडत होते, त्यामुळे खड्डा जरा वाकडा जात होता.

मग सहा धट्टेकट्टे पुरुष पुढे झाले आणि त्यांनी गाडीतून महोगनीची पेटी उचलली.

"अहो!" मिस आयोना किंचाळल्या. कमर विसरून त्या चार पावलं धावल्याच. "ती माझी पेटी आहे!"

"हो, मिस, तुमचीच," त्यातला एक जण मऊ आवाजात म्हणाला. "आम्ही सांभाळून उतरवतो. तुम्ही बघू नका."

"उतरवता कुठे? खड्ड्यात? मयत कुठंय? अहो, गेलंय कोण?"

एकदम सगळं थांबलं. दिवसभरात कोणी न विचारलेला प्रश्न शेवटी विचारला गेला होता. गर्दीने मिस्टर रूपर्टकडे पाहिलं. मिस्टर रूपर्टनी पास्टरांकडे पाहिलं. पास्टर दगडावरून खाली उतरले आणि त्यांनी ऑस्मंडकडे पाहिलं.

ऑस्मंडने टोपी काढली. "कोणीच नाही," तो म्हणाला. "कोणी गेलेलं नाही. त्या पेटीत लग्नाचं सामान आहे." आणि मग त्याने सगळं सांगून टाकलं. दिव्यांचा खटका, टपावरची फुलं, पैज, आणि सात वेगवेगळ्या सरड्यांच्या नावावर खपवलेला एक सरडा. "ते ट्रॅफिक नव्हतं, मिस आयोना. या गावात ट्रॅफिक नसतं. इथे चाळीस मिनिटांत सगळं बघून होतं. मला व्हर्लीनशी लग्न करायचं होतं, म्हणून मी दिवस लांबवला. मला माफ करा."

सहा जणांनी पेटी हळूच खाली ठेवली. आंब्यावर एक पाखरू ओरडलं. घड्याळात सव्वाचार झाले होते, आणि ऑस्मंड मान खाली घालून ते तीन शब्द यायची वाट बघत होता.

मिस आयोना त्याच्याकडे बघतही नव्हत्या. त्या गर्दीकडे बघत होत्या.

"म्हणजे," त्या सावकाश म्हणाल्या, "कोण गेलं ते तुमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं?"

मिस्टर रूपर्ट पुढे होऊन म्हणाले, "नव्हतं, मिस."

"तरी आलात? त्रेचाळीस गाड्या?"

"कोण गेलं ते काय, आज ना उद्या कळतंच," मिस्टर रूपर्ट म्हणाले. "पण जायचं राहून गेलं, तर ते राहतंच."

मिस आयोना पेटीवर बसल्या. बराच वेळ त्या चादरीची एक सुटलेली गाठ बोटांनी चाचपत राहिल्या. "माझ्या होरेसच्या वेळी सात जण होते," त्या म्हणाल्या. "त्यातले दोघं पावसाला आडोसा म्हणून आत आले होते. सबंध सिटीत ज्याच्या होड्या चालायच्या, त्याला सात." त्यांनी डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि चौफेर नजर फिरवली. "तो खड्डा बुजवा आता. वाकडा खणलाय. आणि तमाल उरलेत का?"

तमाल उरले होते. कोणी नारळ घातलेले गोड पाव आणले होते, कोणी नारळाच्या दुधातला राजमा-भात. मयत नाही म्हणून जेवण टाकून देतील, इतकी बेल्मोपानची माणसं उधळी नाहीत. जेवणं झाली, सहा जणांनी पेटी परत गाडीत ठेवली, बारा जणांनी गाडी ढकलली आणि त्रेचाळीस गाड्यांनी मिस आयोनांना रांगेने ऑस्मंडच्या दारापर्यंत आणून सोडलं. पाचाला पाच मिनिटं कमी होती. मावशींनी ते तीन शब्द उच्चारले नव्हते.

"पेटी आत घ्या," त्या संत्र्याच्या झाडाखाली उभ्या राहून म्हणाल्या.

ऑस्मंडने आनंदाने व्हर्लीनला उचललंच. "मावशी," ती हसत-रडत म्हणाली, "म्हणजे होकार?"

"उघड पेटी."

व्हर्लीनने झाकण उचललं. वर बिछान्याच्या चादरी होत्या, उशांचे अभ्रे, सहा जणांचं टेबलकापड, सगळं हाताने विणलेलं. तिने ते एकेक करून बाजूला काढलं. खाली मिस आयोनांचे झोपायचे झगे होते. त्याखाली त्यांच्या सपाता, त्यांची नेहमीची कढई, कमरेला लावायच्या तेलाच्या तीन बाटल्या, होरेसचा चौकटीतला फोटो, आणि तळाशी कागदात गुंडाळलेला एक नवाकोरा पांढरा झगा.

"वरचं तुझं, खालचं माझं, आणि तळचा झगा मला पुरताना घालायचा," मिस आयोना म्हणाल्या. "सिटीतलं घर मी मागच्याच महिन्यात भाड्याने दिलं. जगायला काय, माणूस कुठेही जगतं. पण माझ्या वयाला शेवटी बरं गाव कोणतं, ते बघून ठरवावं लागतं. म्हणून म्हटलं, एक दिवस नीट बघून घ्यावं." त्यांनी दारातून आत डोकावून पाहिलं. "दोनच खोल्या ना? मला बाहेरची चालेल. तिथून रस्ता दिसतो."

व्हर्लीनने मावशीच्या गळ्यात हात टाकले. ऑस्मंडने आपल्या दोन खोल्यांकडे पाहिलं, कढईकडे पाहिलं, तेलाच्या बाटल्यांकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडून ते निघूनच गेलं.

"आता पुढे काय?"

मिस आयोनांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "पाच वाजून गेले," त्या म्हणाल्या. "आता खुशाल विचार. आज कॉफी टाक, आणि उद्या मला परत तिकडे घेऊन चल. आंब्याखालची ती जागा मला आवडलीय, पण नीट बघायला हवी. घाई काही नाही. रमतगमत जाऊ."